विंग घेताय? आधी लिफ्टचा हिशोब मांडा, मग आकार बघा

स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स झाला, ॲडव्हान्स्ड झाला, चाळीस-पन्नास डाइव्ह झाल्या की भाड्याच्या जॅकेट बीसीडीचा, म्हणजे हवा भरून पाण्यात तरंगवणाऱ्या जॅकेटचा, कंटाळा येतो, कधी खांद्यावर सरकतंय, कधी पोटाला आवळतंय, आणि मग बॅकप्लेट-विंग, म्हणजे पाठीवरची धातूची प्लेट आणि तिच्यामागची हवेची पिशवी, घ्यायची असं ठरतं. माझ्याकडे असं विचारायला येणाऱ्या दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, ताई किती लिफ्टची, म्हणजे किती किलो वर उचलणारी, घेऊ, आणि उत्तर यायच्या आधीच पुढचं वाक्य येतं की मोठीच घेतो, जास्त लिफ्ट म्हणजे जास्त सेफ्टी, पुढे उपयोगी पडेल. इथेच मी थांबवते. लहान मुलाला वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी विंग घ्यायची नसते. गरजेपेक्षा मोठी विंग पाण्यात त्रास देते, आणि नेमका कधी तर डाइव्हच्या शेवटी, जेव्हा तुम्हाला शांतपणे पाच मीटरवर थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप म्हणतात तो.

हे मी वाचून सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका ट्रिपला माझी स्वतःची विंग नव्हती, भाड्याने मिळाली ती २७ किलो लिफ्टची, म्हणजे खरं तर दोन सिलिंडरच्या सेटसाठी बनवलेली, आणि ती माझ्या एका ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला लावून दिली. खाली सगळं ठीक वाटलं. वर येताना सिलिंडरमध्ये ५० बार उरलेले, सेफ्टी स्टॉपला आले, डंप व्हॉल्व, म्हणजे हवा सोडायची झडप, ओढतेय, बुडबुडे येतात आणि बंद होतात, मला वाटलं विंग रिकामी झाली, पण उजव्या बाजूची घडी सिलिंडरच्या मागे वळून बसली होती आणि हवा त्या घडीत अडकलेली. अर्धा मीटर वर गेले की ती हवा फुगते, फुगली की मी अजून वर, असं करत तीन मिनिटांचा स्टॉप अर्ध्यावर सोडून मी थेट पृष्ठभागावर. बोट लांब होती म्हणून काही झालं नाही, पण माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, खाली एकटा राहिला आणि ती गोष्ट मला अजून टोचते. तेव्हापासून मी विंगची तुलना नीट, मोजून करायला लागले. तीच पद्धत इथे सांगतेय.

ज्यांना अजून नीट माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. जॅकेटमध्ये हवा पोटाच्या बाजूला, खांद्यावर, पाठीला अशी सगळीकडे असते. विंगमध्ये हवेची पिशवी फक्त पाठीमागे, प्लेट आणि सिलिंडरच्या मधे. म्हणजे तीन सुटे भाग झाले, धातूची प्लेट, तिच्यात ओवलेला पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्याचा हार्नेस, आणि विंग. ही पद्धत उत्तर फ्लोरिडाच्या पाण्याखालच्या गुहांमध्ये डायव्हिंग करणाऱ्यांनी रुजवली, एकाच अखंड पट्ट्याच्या हार्नेसला हॉगार्थियन म्हणतात ते तिथल्याच विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून. फायदा सोपा आहे, वजन आणि लिफ्ट दोन्ही पाठीशी असल्यामुळे शरीर आपोआप आडवं राहतं. आणि आपल्याकडे आडवं राहणं किती महत्त्वाचं आहे ते मालवणला एकदा डाइव्ह केली की कळतं, पाणी बऱ्याचदा गढूळ, त्यात पाय खाली लोंबत असतील तर प्रत्येक किकबरोबर तळाचा गाळ उडतो आणि मागच्याला काही दिसत नाही.

आता हिशोब. कागद-पेन घ्या, खरंच घ्या.

विंगला तीनच कामं करायची असतात. पहिलं, डाइव्हच्या सुरुवातीला तुमच्याकडे जी हवा आहे तिचं वजन पेलायचं, कारण ती हवा तुम्ही वापरणार आणि शेवटी हलके होणार, म्हणजे सुरुवातीला तेवढे जड असायलाच हवेत. ११.१ लिटरचं ॲल्युमिनियम सिलिंडर २०० बारला भरलं तर आत साधारण २२२० लिटर हवा, एक लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे झाले २.७ किलोच्या आसपास. बस एवढंच. लोकांना वाटतं सिलिंडर पाण्यात दहा-बारा किलो ओढतं, तसं काही नाही, हे सिलिंडर भरलेलं असताना समुद्रात जेमतेम पाऊण किलो जड असतं आणि रिकामं होत आलं की उलट दीड-दोन किलोने वर ओढायला लागतं.

दुसरं काम, वेटसूटची गेलेली तरंग, म्हणजे तरंगायची ताकद, भरून काढायची. निओप्रीनमध्ये बारीक बुडबुडे असतात, १० मीटरवर दाब २ बार होतो, ३० मीटरवर ४ बार, आणि ते बुडबुडे चेपत जातात, सूट तरंगायचा कमी होतो. किती कमी? हे घरी मोजता येतं. सूट पूर्ण भिजवा, जाळीच्या पिशवीत घाला, पाण्याच्या पिंपात किंवा पूलमध्ये आत अडकलेली हवा दाबून काढा आणि पिशवीत एकेक शिशाचं वजन टाकत जा, पिशवी जेमतेम बुडायला लागली की जेवढं वजन झालं तेवढी तुमच्या सूटची तरंग. माझ्या ३ मिलिमीटरच्या फुल सूटला ते दोन किलोच्या जरा खाली आलं. आता खोलवर ती सगळीच्या सगळी जाते असं धरा, प्रत्यक्षात थोडी उरते, पण हिशोब सुरक्षित बाजूला राहतो. म्हणजे २.७ अधिक २, साधारण पावणेपाच किलो. ही तुम्ही पाण्याखाली कधीही जितके जास्तीत जास्त जड असाल ती संख्या, अर्थात शिसं बरोबर घेतलं असेल तर.

तिसरं, पृष्ठभागावर डोकं पाण्याबाहेर राहिलं पाहिजे. डोकं पाण्यात असताना त्याचं वजन जाणवत नाही, बाहेर काढलं की चार-पाच किलो मोजावे लागतात. भरलेल्या सिलिंडरसह वर तरंगत असाल तर हवेचे २.७ आणि डोक्याचे ५, म्हणजे पावणेआठ. सूट वर असताना चेपलेला नसतो म्हणून त्याचं वेगळं धरायचं नाही.

अजून एक तपासणी राहिली, बोटीवर चढताना काही जण सेट पाण्यात काढून वर देतात, तर तो सेट एकटा तरंगला पाहिजे. स्टीलची प्लेट कोरडी २.७ किलो, पाण्यात भरते साधारण २.३. भरलेलं सिलिंडर पाऊण किलो, रेग्युलेटर एक किलो धरा, आणि कॅम बँडवर, म्हणजे सिलिंडर प्लेटला बांधणाऱ्या पट्ट्यावर, दोन किलो शिसं लावलं असेल तर ते. सगळं मिळून सहा किलो.

या तिन्ही आकड्यांतला मोठा तो पावणेआठ. त्यावर भरपूर मोकळीक ठेवली, बडीला आधार द्यायचा, कॅमेरा वगैरे, तरी ३० पौंडांची विंग म्हणजे १३.६ किलो पुरून उरते. बाजारात एका सिलिंडरसाठीच्या विंग साधारण १३ ते १८ किलोच्या मिळतात, हॅल्सियनची एक्लिप्स घेतलीत तर ३० आणि ४० पौंड असे पर्याय दिसतील, बाकी कंपन्यांचंही याच्या आसपासच. आपल्या २६-२९ अंशांच्या पाण्यात, ३ मिलिमीटर सूट आणि एक ॲल्युमिनियम सिलिंडर, यासाठी लहान आकाराचीच घ्या. ४० पौंडांची, म्हणजे १८ किलोची कधी, तर तुम्ही ७ मिलिमीटरचा सूट घालून किंवा ड्रायसूटमध्ये थंड पाण्यात जाणार असाल, किंवा मोठं स्टीलचं सिलिंडर वापरत असाल. युरोपात किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी उत्तर वेगळं येईल ते यामुळेच, म्हणून त्यांनी घेतली तीच मी घेतो असं करू नका, त्यांच्या पाण्याचा हिशोब वेगळा.

दोन सिलिंडरचा सेट, म्हणजे ट्विन, असेल तर बघा, १२ लिटरची दोन स्टील सिलिंडर २३० बारला म्हणजे ५५२० लिटर, वजन साडेसहा किलोच्या वर. आणि सिलिंडर स्वतःच जड. तिथे १८ ते २७ किलोच्या विंग लागतात आणि त्या रुंद असतात. पुढे ट्विन करणार म्हणून आत्ताच ती घेऊन ठेवू नका. ट्विन कराल तेव्हा प्लेट आणि हार्नेस तेच राहील, फक्त विंग बदलायची, या पद्धतीचं सगळ्यात मोठं सुख तेच आहे.

आता रुंदी, माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. लोक डोनट की हॉर्सशू (हे विंगचे आकार, पुढे सांगते) यावर तासभर वाद घालतात आणि विंगच्या मधल्या पट्टीची रुंदी कोणी बघत नाही. ॲल्युमिनियम सिलिंडरचा व्यास १८ सेंटिमीटरच्या थोडा वर असतो. विंगचा मधला, हवा नसलेला भाग या सिलिंडरला जुळला पाहिजे. ट्विनच्या विंगचा मधला भाग खूप रुंद, कारण तिथे दोन सिलिंडर शेजारी बसायची असतात. ती एका सिलिंडरला लावली की दोन्ही पंख सिलिंडरच्या वरून मिटतात, परदेशात याला टॅको म्हणतात, आपल्याला दुमडलेला मसाला डोसा डोळ्यासमोर आणला की कळेल. मिटलेल्या पंखातली हवा उंच जागी अडकते, डंप व्हॉल्वपर्यंत पोचत नाही, शिवाय पोहताना पाणी अडतं. उलटंही होतं, एका सिलिंडरची अरुंद विंग ट्विनला लावली तर ती दोन सिलिंडरच्या मधे चिमटते आणि पूर्ण फुगतच नाही. म्हणून दुकानात किंवा मित्राकडे विंग बघायला मिळाली तर सिलिंडर बांधूनच फुगवून बघा, नुसती टेबलावर फुगवून काहीही कळत नाही. पूर्ण फुगवल्यावर दोन्ही बाजू सिलिंडरच्या अंगालगत सरळ राहतायत का, की वर वळतायत, एवढं बघायचं.

लांबीही बघा. उंची कमी असणाऱ्यांना, आणि आपल्याकडे बऱ्याच मुलींना हा प्रॉब्लेम येतो, लांब विंगचा खालचा भाग पार मांडीपर्यंत येतो, मागचा डंप व्हॉल्व हाताला लागत नाही आणि खालची हवा पाय वर ढकलते. सिलिंडर बांधून, हार्नेस घालून, डावा हात मागे नेऊन व्हॉल्वची गाठ न बघता पकडता आली पाहिजे. नाही आली तर ती विंग तुमच्यासाठी नाही, कितीही भारी असू दे.

डोनट आणि हॉर्सशू

डोनट म्हणजे पूर्ण वर्तुळ, हवा वरून खालून कुठूनही फिरू शकते. हॉर्सशू म्हणजे घोड्याच्या नालेसारखी, खाली दोन्ही टोकं सुटी. फरक कुठे पडतो तर हवा सोडताना. मागचा डंप डाव्या बाजूला खाली असतो. तुम्ही आडवे आहात, डावी बाजू जरा उचलली, डोनटमध्ये उजवीकडची हवा खालच्या कमानीतून डावीकडे येते आणि निघून जाते. हॉर्सशूमध्ये उजव्या पायाकडच्या टोकात बसलेल्या हवेला डावीकडे यायला खालून वाटच नाही, तिला खांद्याकडून वळसा घालून यावं लागतं, आणि डोकं जरा खाली असेल तर ती वळसा घालतच नाही, तिथेच बसते. उजवी बाजू डावीपेक्षा तरंगते आणि तुम्ही तिरके होता. मग थोडं उभं व्हा, खांद्याकडे हवा आणा, इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायची-सोडायची नळी, वर धरून सोडा, असं करावं लागतं.

म्हणून माझं मत डोनट. पण प्रामाणिकपणे सांगते, एका सिलिंडरच्या लहान, अरुंद विंगमध्ये एकूण हवाच तीन-चार लिटर असते, तिथे आकारापेक्षा तुमची ट्रिम, म्हणजे पाण्यात आडवं राहण्याची स्थिती, आणि विंगची रुंदी जास्त फरक पाडते. चांगल्या रुंदीची हॉर्सशू कोणी स्वस्तात देत असेल तर घ्यायला हरकत नाही. मोठी, रुंद हॉर्सशू मात्र टाळा. आणि डोनटमध्येही एक बघा, खालची कमान सिलिंडरच्या खाली दाबली जाऊन बंद होत नाही ना, तसं झालं तर डोनटची हॉर्सशूच झाली.

काही विंगवर बाहेरून बंजी, म्हणजे रबरी दोरी गुंफलेली असते, ओएमएस कंपनीच्या अशा विंग एके काळी फार प्रसिद्ध होत्या. कल्पना अशी की दोरी विंगला चेपून ठेवेल आणि हवा पटकन निघेल. पण विंगला भोक पडलं तर तीच दोरी हवा अजून जोरात बाहेर ढकलते, तोंडाने फुगवायची वेळ आली तर दोरीच्या विरुद्ध फुंकावं लागतं, आणि दोरीच्या सुरकुत्यांमध्ये हवा अडकते ती वेगळीच. बरोबर मापाची विंग घेतली की बंजीची गरजच उरत नाही. दोन ब्लॅडरच्या, म्हणजे आत दोन हवाबंद पिशव्या असलेल्या, विंगबद्दलही विचारतात, एक फाटली तर दुसरी. जड स्टील ट्विन, खोल डाइव्ह आणि वेटसूट अशा ठिकाणी त्याला अर्थ आहे. मालवण, गोव्याचं ग्रँड आयलंड, कर्नाटकातलं नेत्राणी, अंदमानचं हॅवलॉक (आता स्वराज द्वीप) इथे १८ किंवा ३० मीटरच्या आत एका सिलिंडरवर नाही, तिथे दुसरा इन्फ्लेटर म्हणजे अजून एक गोष्ट जी आपोआप अडकून हवा भरू शकते. त्यापेक्षा विंग फाटली तरी फिन मारून वर येता येईल इतकंच जड राहा, आपल्या हिशोबात ते पावणेपाच किलो आले, त्यातलं दोन किलो शिसं कंबरेच्या पट्ट्यावर सोडता येण्यासारखं ठेवा.

कापड आणि शिवण यात दोन प्रकार. एकात आत पातळ ब्लॅडर आणि बाहेर जाड नायलॉनचं कव्हर, मधे चेन. दुसऱ्यात कोटिंग केलेलं एकच जाड कापड, कडा उष्णतेने जोडलेल्या. दुसरी हलकी असते, लवकर वाळते, प्रवासाला छान. पहिलीत ब्लॅडर फाटला तर तेवढाच बदलता येतो, आणि आपल्याकडे सुट्या भागांची वाट बघत सीझन जातो हे धरलं तर ज्याचा ब्लॅडर भारतात मिळू शकतो तीच कंपनी घ्या असं मी म्हणेन. घ्यायच्या आधी दुकानदाराला हाच प्रश्न विचारा. मालवणच्या खडकांवर कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी, जिथे खडकाच्या जवळून जाता तिथे जाड कव्हर उपयोगी.

इन्फ्लेटरची नळी आखूड हवी, ३०-३५ सेंटिमीटरच्या आसपास. लांब नळी खाली लोंबते, कोरलला घासते. नळीच्या वरच्या टोकाला ओढून हवा सोडायचा डंप असतो काही ठिकाणी, मला तो नको वाटतो, वाळू अडकायला अजून एक जागा, साधा वाकलेला कोपरा पुरे.

पूलमध्ये तुलना कशी करायची

दोन किंवा तीन विंग मिळवा, मित्रांच्या, डाइव्ह सेंटरच्या, कुठूनही. प्लेट तीच, हार्नेस तोच, सिलिंडर तेच, शिसं तेवढंच, बदलायची फक्त विंग. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. सोबत इन्स्ट्रक्टर असू द्या आणि खोली अडीच-तीन मीटर पुरते. तारकर्लीला एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत ट्रेनिंगचा खोल पूल आहे, पुण्या-मुंबईत काही डाइव्ह शॉप पूल सेशन घेतात, तिथे विचारा.

आधी वेट चेक. सिलिंडर ५० बारच्या आसपास, विंग पूर्ण रिकामी, उभे राहून नेहमीसारखा श्वास अर्धा भरून धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूच खाली. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, कारण शिसं जास्त असेल तर सगळ्याच विंग वाईट वाटतात. बऱ्याच जणांची तक्रार विंगची नसतेच, चार किलो शिसं जास्त घेतलेलं असतं आणि ते पेलायला चार लिटर हवा जास्त भरलेली असते. पूलमधलं हे वजन समुद्रात पुरणार नाही हेही लक्षात ठेवा, समुद्राचं पाणी साधारण अडीच टक्के जड, तुम्ही आणि तुमचं सगळं सामान मिळून १०० किलो असाल तर समुद्रात अडीच किलो वाढवायचं.

मग आडवे व्हा, गुडघे वाकवलेले, हात पुढे, आणि एक मिनिट फिन न हलवता थांबा. पाय खाली जातायत की डोकं, ते बडीला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, स्वतःला जे वाटतं आणि व्हिडिओत जे दिसतं यात खूप अंतर असतं. पाय खाली जात असतील तर विंगला दोष द्यायच्या आधी सिलिंडर दोन-चार सेंटिमीटर वर सरकवून बघा.

आता खरी परीक्षा. तळावर जाऊन हातात चार किलो शिसं घ्या, म्हणजे खोल समुद्रात चेपलेल्या सूटची आणि भरलेल्या सिलिंडरची नक्कल झाली. विंगमध्ये हवा भरून अधांतरी स्थिर व्हा. बडी मागून बघेल की विंग मिटतेय का. डावीकडे कलंडा, उजवीकडे कलंडा, हवा एका बाजूला धावून तुम्हाला उलटवते का ते बघा, रुंद विंगमध्ये हे लगेच जाणवतं. मग शिसं हातातच ठेवून, आडवेच राहून, मागच्या डंपने सगळी हवा सोडा, आणि बडीला मनात आकडे मोजू द्या. बुडबुडे थांबले की उजवा खांदा खाली आणि डावं कुल्लं वर असं वळून परत डंप ओढा. आता अजून बुडबुडे निघाले तर ती अडकलेली हवा. माझ्या लहान डोनटमध्ये दुसऱ्यांदा काही निघत नाही, त्या मोठ्या विंगसारख्याच एका विंगमध्ये मी हे नंतर करून बघितलं तेव्हा दुसऱ्यांदाही भसकन हवा निघाली आणि मला माझ्या त्या सेफ्टी स्टॉपचं उत्तर मिळालं. शिसं पाण्यात असताना टाकून देऊ नका, हवा राहिली असेल तर वर फेकले जाल, आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नका.

शेवटी वर या. विंगबद्दल कायम ऐकू येतं की वर आलं की ती तोंडावर पाडते. पाडते, जर गरजेपेक्षा जास्त फुगवली तर. जॅकेटच्या सवयीने लोक व्हॉल्व फुरफुरेपर्यंत हवा भरतात. तोंड आणि हनुवटी पाण्याबाहेर येईल एवढीच हवा, मग आरामखुर्चीत टेकतो तसं मागे टेकायचं, आणि पायांमधून जाणारा क्रॉच स्ट्रॅप नीट घट्ट पाहिजे, तो सैल असला की प्लेट वर सरकते आणि मानेत जाते. शिसं सगळं पोटावर असेल तर तेही पुढे ओढतं, थोडं मागे कॅम बँडवर घ्या. हे करूनही पडत असाल तर मग ती विंग जरा लांब किंवा मोठी आहे. तोंडाने फुगवूनही बघा, पाण्याखाली, एकदा तरी. आणि एकदा पृष्ठभागावर पूर्ण भरून जादा दाबाचा व्हॉल्व आपोआप उघडतो का तेही.

प्लेट कोणती यावर थोडक्यात. स्टील घेतली तर तेवढं शिसं कमी होतं आणि ते वजन बरोबर पाठीवर, जिथे हवं तिथे बसतं, मुंबई-पुण्याहून गाडीने मालवणला जाणाऱ्यांसाठी मी स्टीलच सुचवते. अंदमानला विमानाने जाताना मात्र देशातल्या बहुतेक साध्या तिकिटांवर १५ किलोच चेक-इन मिळतं, तिथे ॲल्युमिनियमची साधारण एक किलोची प्लेट बरी, शिसं तिकडे सेंटरवर मिळतंच. साइडमाउंटच्या, म्हणजे सिलिंडर अंगाच्या बाजूंना लावतात तिथल्या, विंग हा पूर्ण वेगळा विषय आहे, या मापांनी त्या मोजू नका.

जुनी विंग घेणार असाल, आणि घ्याच, कारण चांगली विंग वर्षानुवर्षं टिकते, तर घरी आणून घट्ट फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मऊ झाली असेल तर बादलीत किंवा टबमध्ये बुडवून बुडबुडे शोधा, बहुतेक वेळा ते डंप व्हॉल्वच्या वॉशरपाशी असतात आणि वाळूचा एक कण निघाला की बंद होतात, शिवणीतून येत असतील तर परत करा. मधली पट्टी जिथे प्लेट आणि सिलिंडरमध्ये दाबली जाते तिथे बोट फिरवून बघा, चिमटा बसून पडलेली बारीक भोकं तिथेच असतात. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडल्यावर लगेच वर येतंय का, हे दहा वेळा बघा, अडकणारं बटण म्हणजे खाली आपोआप फुगणारी विंग.

प्रत्येक ट्रिपनंतर बाहेरून धुणं पुरत नाही. इन्फ्लेटरच्या तोंडातून अर्धा लिटर गोडं पाणी आत घाला, फुगवा, सगळीकडे हलवा, उलटी करून डंपमधून काढा, दोन-तीन वेळा. आत राहिलेलं खारं पाणी वाळलं की मिठाचे खडे होतात आणि ते ब्लॅडरला आतून कापतात. मग अर्धवट फुगवून सावलीत टांगा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर डायव्हिंग बंद, त्या चार महिन्यांत कपाटात घडी करून ठेवलेल्या ओलसर विंगला बुरशी धरते, म्हणून मे अखेरीस धुतली की पूर्ण वाळू द्या, थोडी हवा भरून पंखा लागेल अशा जागी टांगून ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या डाइव्हच्या आठवडाभर आधी परत एकदा रात्रभर फुगवून बघा, म्हणजे वॉशर बदलायला वेळ राहतो.